सायकल गाडीला बांधा, कॅरिअरला नाही

मुंबईत सायकल चालवायला आधी चारचाकी लागते, हे बाहेरच्याला पटत नाही. पण वांद्रे-वरळी सी लिंकवर सायकलला मज्जाव, अटल सेतूवर मज्जाव, पुण्याच्या एक्सप्रेसवेवर तर विचारूच नका. बोरिवलीहून निघून लोणावळ्याचे चढ चढायचे, माळशेजला जायचं किंवा भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला उतरायचं, तर सायकल गाडीवर टाकूनच निघावं लागतं. आमच्या रविवारच्या गटात हे इतक्या वेळा झालं आहे की आता गाडी कुठेही थांबली तरी कुलपं लावायला दीड-दोन मिनिटं लागतात. ही पद्धत बसेपर्यंत बऱ्याच चुकीच्या वस्तू विकत घेऊन झाल्या. त्यातून जे टिकलं ते इथे लिहिलं आहे.

सगळ्यात आधी एक गैरसमज. कॅरिअरबरोबर जे कुलूप येतं ते बहुतेक वेळा कॅरिअर राखायला असतं, सायकल राखायला नाही. सायकलपासून गाडीच्या लोखंडापर्यंत दोन जोड असतात : सायकल ते कॅरिअर आणि कॅरिअर ते गाडी. भुरट्या चोराला दोन्ही तोडायची गरज नसते. जो पुचाट असेल तो त्याला पुरतो. म्हणून आम्ही कॅरिअरला फक्त खुंटी समजतो आणि सायकल थेट गाडीला बांधतो.

मुंबईत सर्वाधिक दिसतं ते डिकीवर पट्ट्यांनी बसवायचं कॅरिअर. नायलॉनचे पट्टे, टोकाला धातूचे आकडे, आकडे डिकीच्या झाकणाच्या कडेत अडकवायचे आणि पट्टे ओढून ताणायचे. स्वस्त आहे, पाच-सात मिनिटांत लागतं, घडी करून माळ्यावर ठेवता येतं. पण सुरक्षेच्या नावाने पूज्य. डिकी बंद असताना आकडे निघत नाहीत हे खरं. मात्र कागद कापायच्या कटरने पट्टा कापता येत असेल तर आकडे काढायचे कशाला? वरचे दोन पट्टे तुटले की सायकलींसकट सगळा सांगाडा मागे कलंडतो. आणि सायकलीची फ्रेम जिथे दांड्यांवर टेकते तिथले रबरी पट्टे तर नुसत्या बोटांनी सुटतात. हे कॅरिअर वाईट नाही, पण गाडी नजरेआड होणार असेल तर एकट्या त्याच्या भरवशावर राहू नये.

छपरावरचं कॅरिअर बरं, पण तिथेही पाय कसे बसवले आहेत ते बघावं. ज्या गाडीच्या छपराला रेल नाही, तिथे आडव्या दांडीचे पाय दाराच्या चौकटीत पकडतात आणि ते सोडवायला दार उघडावं लागतं. म्हणजे गाडीचं सेंट्रल लॉकच दांडी राखतं. रेल असलेल्या गाडीत पकड बाहेरच्या बाहेर असते; तिथे पायावरच्या झाकणाला कुलूप हवंच, नाहीतर ॲलन की (षट्कोनी पाना) घेऊन आलेला माणूस दांडी आणि सायकल दोन्ही एकत्र उतरवून नेईल. दांडीवर खाच असेल आणि सायकलचा ट्रे त्या खाचेत सरकवून बसवला असेल, तर दांडीच्या टोकाचं रबरी झाकण ओढून पाहा. ते सहज निघत असेल तर आतले बोल्ट सैल करून ट्रे बाजूने सरकवून काढता येतो.

कुलपाच्या तोंडावर आणि किल्लीवर छापलेला क्रमांकही बघा. छपराच्या कॅरिअरच्या कुलपांमध्ये किल्ल्यांचे प्रकार मोजकेच असतात आणि क्रमांक सांगितला की सुटी किल्ली विकत मिळते. तुमची किल्ली हरवली तर ही सोय, पण तो क्रमांक रस्त्यावरून जाणारा कोणीही वाचू शकतो. तेव्हा क्रमांकाचा फोटो काढून ठेवायचा आणि कुलपावरचा क्रमांक कानशीने घासून टाकायचा किंवा वर काळ्या नेलपॉलिशचे दोन हात द्यायचे.

पुढचं चाक काढून फोर्क (ते चाक धरणारा सायकलचा दुपाखी भाग) पकडणाऱ्या प्रकारात एक वेगळीच गोम आहे. फोर्क कुलपात घट्ट असतो, आपण निर्धास्त. पण हँडलच्या मानेवरचे दोन बोल्ट आणि वरच्या टोपीचा एक, असे तीन बोल्ट सैल केले की फोर्क जागच्या जागी राहतो आणि बाकीची अख्खी फ्रेम मागच्या चाकासकट वर उचलता येते. त्यामुळे या प्रकारात फ्रेमच्या त्रिकोणातून दांडीला वेगळं कुलूप लागतंच. काढलेलं पुढचं चाक गाडीच्या आत, तेही मागच्या सीटवर दिमाखात नाही, तर सीटखाली किंवा चादरीखाली.

टो-बारवर (ट्रेलर ओढायला गाडीच्या मागे लावलेल्या दांड्यावर) बसणारी कॅरिअर आपल्याकडे विरळा, म्हणून त्यांच्यावर वेळ घालवत नाही. मागे लटकणाऱ्या कुठल्याही कॅरिअरने नंबरप्लेट आणि दिवे झाकले जाऊ शकतात, हे मात्र ध्यानात ठेवा. एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबरप्लेट, आल्यापासून कोपऱ्यावरच्या दुकानातून जादा प्लेट करून सायकलीवर अडकवण्याचा जुना उपायही राहिला नाही. नाक्यावर अडवलं की सायकल उतरवून वाद घालत बसायची वेळ येते. शक्य असेल तर सायकल इतकी वर बांधा की प्लेट पूर्ण दिसेल. छोट्या हॅचबॅकला ते जमतं, उंच डिकीच्या गाड्यांना जमेलच असं नाही.

आता साखळी. आम्ही ती नागदेवी स्ट्रीटवर शोधली, कारण तिथे हार्डवेअरचा माल हातात घेऊन पाहता येतो. अडचण अशी की किलोवर किंवा फुटावर मिळणारी साखळी बहुधा साध्या माइल्ड स्टीलची असते. दिसायला जाडजूड, पण करवतीच्या पात्यापुढे दहा मिनिटंही टिकत नाही. ओळखायची खूण सोपी : दुकानदाराची परवानगी घेऊन एका कडीवर कानस फिरवा. कानशीने चकचकीत ओरखडा उठला आणि पूड पडली तर ती साखळी दाराच्या फाटकाला ठीक. कानस काचेवरून जावी तशी घसरली तर कडी कडक केलेली आहे. हीच परीक्षा कुलपाच्या आकड्याचीही, म्हणजे वरच्या वाकड्या दांडीचीही, घ्यायची. दहा मिलिमीटरच्या कडक साखळीला सात मिलिमीटर आकड्याचं कुलूप लावलं, तर चोर साखळीकडे बघणारसुद्धा नाही.

आठ मिलिमीटरची साखळी मीटरला साधारण १.४ किलो भरते, दहाची २.२ किलो. दीड मीटर दहाची म्हणजे कुलपासकट चार किलोच्या आसपास. रोज सायकलवर वाहायचं असतं तर इतकं वजन कोणी घेतलं नसतं. पण इथे साखळी डिकीत पडून असते. तेव्हा इथे कंजुषी नको. ती पंक्चर झालेल्या माउंटन बाइकच्या रुंद ट्यूबमध्ये ओवून घ्या, म्हणजे फ्रेमचा रंग उडत नाही. रोड बाइकची बारीक ट्यूब यासाठी पुरत नाही. ट्यूबमध्ये आधी टाल्कम पावडर टाकली तर साखळी सरसर जाते.

तारेची वळणावळणाची केबल, म्हणजे प्लॅस्टिकखाली बारीक तारांचा पीळ, ही एकटी कधीच वापरू नका. तार कापायच्या हातातल्या कात्रीने ती एकेक पीळ करत तुटते, आवाजही होत नाही. दुय्यम कामाला, म्हणजे चाकं आणि सीट फ्रेमला जोडून ठेवायला, ती छान. यू-लॉक, म्हणजे यू आकाराच्या जाड दांडीचं कुलूप, मात्र उत्तम. १३ मिलिमीटर किंवा त्याहून जाड दांडीचा घ्यावा, आणि लहान घ्यावा, म्हणजे आत पहार घालून पिळायला जागा उरत नाही. बॅटरीवर चालणाऱ्या अँगल ग्राइंडरपुढे यातलं काहीच फार वेळ तग धरत नाही. त्याचा बचाव एवढाच की ग्राइंडर किंचाळतो आणि ठिणग्या उडवतो. चोर तो वर्दळीत वापरायला कचरतो. म्हणून गाडी कुठे लावायची हा प्रश्न कुलपाइतकाच मोठा आहे.

बांधायचं कशाला, यावर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला. पुढचा-मागचा टो-हूक, जो टूलकिटमधून काढून बंपरच्या भोकात फिरवून बसवतात, तो पहिल्यांदा सुचतो. तो चकवा आहे. आट्यांवर बसलेली वस्तू आट्यांवरूनच निघते. साखळी सैल असेल तर चोर साखळीसकट हूक फिरवून काढतो. गाडीच्या खाली चासीला वेल्ड केलेली कडी असेल तर ती खरी. पण ती प्रत्येक गाडीत नसते.

आतली कडी जास्त भरवशाची. मागची सीट दुमडली की बाजूच्या पत्र्यावर एक यू आकाराची जाड सळई दिसते, जिच्यात सीट अडकते. काही गाड्यांत लहान मुलांच्या सीटसाठी आयसोफिक्सच्या कड्या असतात. या कड्या गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात आणि डिकी बंद असताना त्यांच्यापर्यंत हात पोचत नाही. तिथे केबलचं एक टोक फास करून अडकवायचं आणि दुसरं टोक डिकीच्या खालच्या कोपऱ्यातून बाहेर काढायचं. केबल सहा, फार तर आठ मिलिमीटरची. त्याहून जाड घेतली तर डिकी नीट लागत नाही आणि रबरी बीडिंग फाटतं. केबल डिकीच्या कुलपाच्या आकड्याजवळून कधीही नेऊ नका. डिकी लावल्यावर गाडी चालू करून डॅशबोर्डवर दार उघडं असल्याचा दिवा लागत नाही ना, ते पाहायचं. गाडी चालवताना ती केबल आत ओढून ठेवायची. नाहीतर पावसाळ्यात तिच्याच बाजूने पाणी आत झिरपतं आणि स्टेपनीच्या खड्ड्यात साचतं. तिथला गंज महिन्यांनी कळतो.

इथे तडजोड आहे हे कबूल करायला हवं. आत जाणारी केबल साखळीपेक्षा कमजोरच. म्हणून पंधरा-वीस मिनिटांच्या थांब्याला केबल, आणि त्याहून जास्त वेळ लागणार असेल तर सायकल खाली उतरवून साखळीने अलॉय व्हीलच्या काड्यांतून गाडीच्या चाकाला. स्टीलच्या चाकाच्या भोकांतून दहाची साखळी सहसा जात नाही, ते आधी घरी करून पाहा. हा उपाय भक्कम आहे, पण विसरभोळ्यासाठी भयंकर. साखळी तशीच ठेवून गाडी हलवली तर सायकलचा आणि मडगार्डचा चुराडा होतो. आम्ही कुलूप लावलं की त्याच हाताने स्टिअरिंगला लाल नाडी बांधतो. नाडी सोडल्याशिवाय गाडी सुरू करायची नाही, असा नियम. छपरावर असेल तर फ्रेमच्या त्रिकोणातून आडव्या दांडीला यू-लॉक किंवा साखळी, आणि खाली जुना टॉवेल, नाहीतर छपराचा रंग गेलाच.

सुट्या भागांसाठी घरी एक संध्याकाळ द्यावी लागते. चाकांचे हाताने उघडणारे क्विक रिलीज लिव्हर काढून त्या जागी पाच मिलिमीटर ॲलन कीने आवळायचे स्क्यूअर (चाकाच्या आसातून जाणारे बारीक दांडे) बसवा. दोन्ही चाकांचं काम दहा मिनिटांचं. सीटपोस्टच्या क्लॅम्पलाही लिव्हरऐवजी बोल्ट. पाच मिलिमीटर ॲलन कीच्या बोल्टच्या षट्कोनी खळग्यात ४.७६ मिलिमीटरची, म्हणजे तीन-सोळांश इंचाची बेअरिंगची गोळी अलगद बसते. ती बसवून वरून मेण ओतलं की ॲलन की आत जातच नाही. मेणाऐवजी सुपरग्लू वापरला तर काढताना ॲसिटोन लागतं, म्हणजे ॲसिटोन असलेलं नेलपेंट रिमूव्हर. पण हे सीट आणि हँडलच्या मानेसारख्या क्वचित उघडायच्या बोल्टनाच करा. चाकाला केलंत आणि माळशेजच्या उतारावर पंक्चर झालं, तर रस्त्यात बसून मेण कोरावं लागेल. लाइट, सायकल कॉम्प्युटर, पंप, बॅग हे प्रत्येक वेळी काढून खिशात. त्याला दुसरा उपाय नाही.

ब्लूटूथ ट्रॅकर, एअरटॅग किंवा त्यासारखा, सीटखाली किंवा बाटलीच्या पिंजऱ्याच्या मागे लपवता येतो. मुंबईत माणसं आणि फोन इतके आहेत की तो कुठे ना कुठे सापडतो. निर्जन घाटात तसं होत नाही. धातूच्या किंवा कार्बनच्या नळीच्या आत कोंबला तर सिग्नल मरतो. अनोळखी ट्रॅकर सोबत फिरत असल्याची सूचना चोराच्या फोनवरही जाऊ शकते, हेही जाणून असा. नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी वर्षाला बदलायची. आणि नकाशावर ठिपका दिसला म्हणून स्वतः त्या गल्लीत जायचं नाही. स्क्रीनशॉट काढून पोलिसांना द्यायचा.

रस्त्यावर प्रत्यक्ष काय करतो ते आता. खालापूरच्या फूड मॉलसारख्या ठिकाणी डिकीवर सायकली असतील तर गाडी रिव्हर्स घेऊन भिंतीपासून वीतभर अंतरावर उभी करायची. मागे माणूस शिरायला जागा नसली की पट्टेही कापता येत नाहीत. बाजूला उंच बस किंवा टेम्पो असेल ती जागा नको, त्याच्या आडोशाने काम करणं सोपं. जेवायला आळीपाळीने जायचं. कुलूप असलं तरी एक जण गाडीपाशी. पे अँड पार्कच्या पावतीवर गाडीतल्या वस्तूंची जबाबदारी आमची नाही असं छापलेलं असतं, ते वाचूनच तिथे लावा.

मॉलच्या तळघरातलं पार्किंग छपरावर सायकल असताना विसरा. दीड मीटरची गाडी आणि वर सव्वा मीटरच्या आसपास सायकल, म्हणजे पावणेतीन मीटर. आणि तळघराच्या तोंडावर लटकणारा दांडा बहुधा २.१ मीटरला. इथे चोरापेक्षा आपणच सायकलीचा जास्त घात करतो. सोसायटीतल्या यांत्रिक पार्किंगमध्ये तर नुसती आडवी दांडीसुद्धा अडकू शकते, आधी मोजून बघा.

रात्र मात्र वेगळी. शिवाजी पार्कच्या गल्लीत किंवा गिरगावात, जिथे गाडी रस्त्यावरच लागते, तिथे पहाटे चारला निघायचं म्हणून रात्रीच सायकली चढवून ठेवायचा मोह होतो. करू नका. सात-आठ तास कोणतीही साखळी राखणदार होऊ शकत नाही, आणि वॉचमन गेटवर असतो, रस्त्यावर नाही. सायकली घरात, आणि कॅरिअरही शक्य तर घरात, कारण रिकामं कॅरिअर म्हणजे इथे उद्या सायकल येणार आहे अशी पाटीच. वर ताडपत्री टाकावी की नाही यावर आमच्यात दोन मतं आहेत. माझ्या मते नको. झाकलेल्या सायकलीवर काम करणारा चोरही झाकला जातो.

समुद्राच्या काठावर कुलपं लवकर मरतात. मरीन ड्राइव्ह किंवा वरळीला उभ्या राहणाऱ्या गाडीवर खाऱ्या वाऱ्याने एका पावसाळ्यात किल्ली अडकू लागते. सायकलच्या चेनचं तेल कुलपात सोडू नका. त्याला धूळ चिकटून आत चिखल होतो. आधी डब्ल्यूडी-४० मारून घाण बाहेर काढायची, फडक्याने पुसायचं, सुकू द्यायचं, मग ग्राफाइटची पूड किंवा कोरडं टेफ्लॉन. जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला, एरवी दोन महिन्यांनी. कुलूप लटकताना किल्लीचं भोक खाली राहील असं ठेवलं तर निम्मं पाणी आत जातच नाही. किल्ली जोर लावून फिरवू नका. कॅरिअरच्या किल्ल्या नाजूक असतात, त्या कुलपातच मोडतात आणि मग सायकली काढायला आपल्यालाच चोरासारखी कसरत करावी लागते.

कागदपत्रं सायकल घरात असतानाच करायची. सायकल उलटी करून पायडलच्या आसाच्या कवचाखाली कोरलेला फ्रेम नंबर शोधा, चिखल पुसून त्याचा फोटो घ्या. सोबत पूर्ण सायकलचा एका बाजूचा फोटो, ओळखू येतील अशा ओरखड्यांचे जवळून फोटो आणि बिल. सीटपोस्ट बाहेर काढून त्याच्या नळीत नाव-फोनची चिठ्ठी प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून टाका. बिलाचं महत्त्व नव्या कायद्यात आणखी वाढलं आहे. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३ खालच्या साध्या चोरीत वस्तूची किंमत ५,००० रुपयांपेक्षा कमी असेल तर गुन्हा अदखलपात्र ठरतो, म्हणजे एफआयआरऐवजी एनसी. चांगलं चाक किंवा हेल्मेट सहज त्या रेषेच्या वर जातं, पण ते दाखवायला कागद हवा. दुकानातून सुटे भाग घेताना पक्कं बिल मागायचं ते यासाठी.

चोरी झालीच तर पहिला फोन ११२ला. मग आसपासच्या दुकानांत, इमारतीत सीसीटीव्ही कुठे आहे ते लगेच पाहा आणि रेकॉर्डिंग जपून ठेवायला सांगा. काही दिवसांत त्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं. घटना दुसऱ्या हद्दीत घडली असली तरी जवळच्या पोलीस ठाण्यात झिरो एफआयआर नोंदवता येतो. ऑनलाइन माहिती दिली असेल तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फुकट मिळते, ती मागून घ्या. गाडीच्या विम्यात छपरावरची सायकल धरलेली नसते, आणि बाहेरून बसवलेलं कॅरिअरही जादा ॲक्सेसरी म्हणून आधी नोंदवलं असेल तरच धरलं जातं. सायकलचा विमा वेगळा काढावा लागतो. सायकल सापडली तरी ती मुद्देमाल म्हणून ठाण्यात जमा होते आणि कोर्टाच्या आदेशाने सुटते. तिथे ती आपलीच आहे हे पटवायला तो चिखल पुसून काढलेला फ्रेम नंबर समोर ठेवायचा.